आठवीनंतर मुलांचा दिवस कुणाच्या हाती? जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद
मा. जिल्हा शल्यचिकित्सक
मा. विभाग नियंत्रक, एस.टी. महामंडळ
मा. अधीक्षक अभियंता, महावितरण
आणि जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था, साखर कारखाने व दूध संघांचे अध्यक्ष आणि संचालक

विषय : किशोरवयीन मुलांमधलं नैराश्य आणि त्यांच्या झोपेची, जेवणाची, खेळाची आबाळ

महोदय, महोदया,



मी या जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आहार, झोप, व्यायाम यांचं महत्त्व मुलांना सांगणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. वर्षानुवर्षं ते सांगताना एक गोष्ट पक्की कळली आहे. मुलांना हे सगळं माहीत असतं. परीक्षेत ती त्यावर पूर्ण गुणांचं उत्तर लिहितात. पण तसं जगायला जी वेळ, जे ताट आणि जी जागा लागते, ती त्यांच्या दिवसात नसते. मुलांच्या दिवसाचं वेळापत्रक शाळा, एस.टी., महावितरण आणि संस्थाचालक मिळून ठरवतात. म्हणून हे पत्र मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आधी दुखणं कोणतं ते सांगते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं नैराश्य मोठ्या माणसासारखं दिसत नाही. मूल रडवेलं दिसेलच असं नाही, ते चिडतं. घरात कुणी हाक मारली तरी अंगावर येतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, दवाखान्यात दाखवलं तर काही सापडत नाही. कबड्डीच्या संघात पुढे असणारा पोरगा मैदानाकडे फिरकेनासा होतो. वेळच्या वेळी गृहपाठ करणारी मुलगी कोरी वही आणते आणि रागावलं तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही, जेवणावरची वासना उडालेली. हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तो आजार असू शकतो, आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आपल्याकडे मात्र "माज आलाय", "मोबाईलनं वाटोळं केलं", "कामाचा कंटाळा, दुसरं काय" एवढ्यावर निदान होऊन जातं. शाळेच्या हजेरीपटावर तर फक्त गैरहजेरी दिसते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं, असा त्याचा हिशेब होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. हा आकडा इतर कोणत्याही राज्यापेक्षा मोठा होता. यातल्या प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच होतं असं कुणी म्हणणार नाही. पण वेळीच कुणाच्या लक्षात आलं असतं तर यातली कितीतरी मुलं वाचली असती, हे म्हणायला डॉक्टर असावं लागत नाही.

नैराश्याची कारणं अनेक असतात. घरातली दारू, कर्ज, नापिकी, कुणाकडून होणारा छळ, जातीवरून होणारी हेटाळणी, शिकायच्या वयात ठरलेलं लग्न, घराण्यात आधीपासून असलेला आजार. लवकर निजल्यानं आणि वेळेवर भाकरी खाल्ल्यानं ही कारणं जात नाहीत, आणि जातात असं मुलांना सांगणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. पण झोप, जेवण, हालचाल आणि सोबत या चार गोष्टी बिघडल्या की नैराश्याला वाट मिळते, आणि नैराश्य आलं की याच चार आधी बिघडतात. दोन्हीकडून ते एकमेकांना वाढवत नेतात. म्हणून जे आपल्या हातात आहे तिथून ते अडवायला हवं. वडिलांचं कर्ज शाळेला फेडता येत नाही, पण पहिला तास किती वाजता घ्यायचा हे ठरवता येतं.

शासनानं मुलांच्या या सवयींसाठी काहीच केलेलं नाही असं नाही. पण जे केलं ते कुठवर पोचतं ते पाहा. लहान मुलांची झोप होत नाही म्हणून ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला की वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. तो पूर्वप्राथमिक ते चौथीसाठी आहे. शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं ते आठवीपर्यंत. दप्तर बाजूला ठेवून योग, खेळ आणि ताणतणाव हाताळायला शिकवणारा 'आनंददायी शनिवार' मार्च २०२४ मध्ये आला, तोही पहिली ते आठवीसाठी. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नैराश्य ज्या वयात डोकं वर काढू लागतं, नेमक्या त्या वयात एकेक आधार सुटत जातो. नववीत पाऊल ठेवलं की मुलाच्या वाट्याला बोर्डाची धास्ती, जादा तास आणि क्लास एवढंच उरतं. मला आपल्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच आहे. आठवीनंतरही मूल मूलच असतं, आणि त्याच्या रोजच्या दिवसाची जबाबदारी सुटलेली नसते.

झोपेपासून सुरुवात करते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना मेंदूत मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक लहानपणापेक्षा एक-दोन तास उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला नऊ वाजता आडवं केलं तरी त्याचा डोळा लागायला अकरा वाजतात. त्यात हट्ट नाही, आळस नाही. ती वाढीची खूण आहे. त्याला पाचला उठवलं की सहा तास हातात राहतात आणि पहाटेची झोप तुटते. स्वप्नांची झोप याच पहाटेच्या टप्प्यात जास्त असते, आणि दिवसभरातल्या भावनांचा निचरा होण्यात तिचा मोठा वाटा असतो. ती रोज तुटली की मूल लहानशा बोलण्यानंही मोडून पडतं.

आता आपल्याकडची पहाट बघा. वस्तीवरून चालत फाट्यावर यायचं आणि सव्वासहाची गाडी धरायची, कारण पुढची गाडी थेट अकराला. शाळा भरायला अजून तास-दीड तास असतो. तोवर मुली स्टँडच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन डुलक्या काढतात. माझ्या वर्गात पहिल्या तासाला खिडकीजवळच्या बाकासाठी लांबून येणाऱ्या मुली आपसात पाळी लावतात, कारण तिथे गार वारा लागतो आणि डोळे उघडे राहतात. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. फार मोलाची सोय आहे ती. तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा टिकली. पण गाडी अवेळी असेल, तर पैशांचं भाडं वाचतं आणि ते झोपेतून वसूल होतं.

अमेरिकेत सिअॅटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७.५० वरून ८.४५ केली. मुलं आता रात्री आणखी उशिरा झोपतील, अशी शंका लोकांनी घेतली होती. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं, तेव्हा त्यांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढल्याचं दिसलं. कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केला आणि १ जुलै २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं ८.३० च्या आधी भरत नाहीत. आपण मात्र चौथीच्या मुलाला ९ ची सवलत दिली आणि झोपेचं घड्याळ ज्याचं खरोखर पुढे सरकलं आहे, त्या दहावीच्या मुलाला सातच्या जादा तासाला बसवलं.

मुलांच्या झोपेवर दुसरा घाला घालते ती रात्रीची लाईट. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. रात्रीची पाळी आली की कांद्याला, उसाला पाणी द्यायला बाप एकटा जात नाही. अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात बिबट्याचं भय आहे. बॅटरी घेऊन, दारं धरायला नववी-दहावीतला पोरगा सोबत जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या पायाच्या बोटांत चिखल वाळलेला असतो, आणि विचारलं तर एवढंच सांगतो, "मॅडम, रात्री आमचं पाणी होतं." मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला उभा राहिला. दिवसा वीज ही शेतकऱ्याची मागणी म्हणून शासनानं मान्य केली आहे. ती विद्यार्थ्याचीही मागणी आहे, एवढं महावितरणनं मनावर घ्यावं.

झोपेनंतर ताट. पहाटे घर सोडणारं मूल चहा-टोस्टवर निघतं. आईलाही खुरपायला किंवा ऊसतोडीला जायचं असतं, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. डबा पहिल्या सुट्टीतच संपतो, आणि पुढे संध्याकाळच्या क्लासपर्यंत एखादा वडापाव नाहीतर पाच रुपयांचं पाकीट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी होते. रक्त कमी असलेली मुलगी लवकर दमते, तिचं लक्ष लागत नाही, ती चिडते, कोपरा धरून बसते. पाहणाऱ्याला ते नैराश्य वाटतं. आणि नैराश्य खरोखर असेल, तर अशक्तपणानं ते आणखी बळावतं. म्हणून दोन्हीची तपासणी बरोबरीनं व्हायला हवी. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आठवड्याला लोहाची निळी गोळी आहे. ती जेवणानंतर घ्यायची असते, नाहीतर मळमळतं. नववीपासून शाळेत जेवणच नाही, त्यामुळे उपाशीपोटी मळमळण्याच्या भीतीनं मुली ती गोळी रुमालात बांधून घरी नेतात आणि तिथेही घेत नाहीत. एका कागदावर गोळीवाटप पूर्ण दिसतं, दुसऱ्या कागदावर रक्तक्षय तसाच राहतो.

ही अडचण सोडवायला बाहेरून काही आणायला नको. पारनेर-पाथर्डीची बाजरी, जामखेड-कर्जतची ज्वारी, मटकी, हुलगे, शेंगदाणे, गूळ, दूध सगळं इथलंच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला तो याच जिल्ह्यात. कारखाने आणि दूध संघ चालवणारी मंडळीच बहुतेक ठिकाणी शिक्षणसंस्थाही चालवतात. त्यांनी ठरवलं तर नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला पहिल्या सुट्टीत शेंगदाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध मिळणं अवघड नाही.

आता खेळाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल करावी. ब्रिटनमध्ये ४,२५७ मुलांच्या हालचाली १२, १४ आणि १६ व्या वर्षी यंत्रानं मोजल्या आणि अठराव्या वर्षी त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं तपासली. २०२० मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात दिसलं की जी मुलं रोज तासभर जास्त चालत-फिरत होती, त्यांच्यात पुढे नैराश्याची लक्षणं सुमारे १० टक्क्यांनी कमी होती. त्यासाठी मोठा व्यायामही लागला नव्हता. बसून राहण्याऐवजी हिंडणं-फिरणं, हलकं काम एवढंच. आणि आपण काय करतो? दहावी आली की पीटीचा तास गणिताला देतो.

"खेड्यातल्या पोरांना कसला व्यायाम? शेतात राबतातच की," असं मला सांगितलं जातं. राबणं आणि खेळणं यांत फरक आहे. एकट्यानं, दमलेल्या अंगानं आणि कुणाच्या तरी धाकानं केलेल्या कामातून मनाला ते मिळत नाही, जे चार मैत्रिणींबरोबर खो-खो खेळताना मिळतं. भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळणारी पोरंही बघा. अंगानं ती तयार होतात, पण चार तासांची झोप आणि रिकामं पोट घेऊन पळतात, आणि दोन सेकंदांनी मैदानी चाचणी हुकली की स्वतःला नालायक ठरवून घरात कोंडून घेतात. मुलींचं तर नववीनंतर मैदानच सुटतं. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृहात पाणी नसतं. सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मुली मी रोज पाहते, कारण प्यायलं तर जायला जागा नाही. दुपारी त्यांचं डोकं दुखतं आणि ते 'टेन्शन' म्हणून सोडून दिलं जातं.

संध्याकाळ मोबाईलची असते. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन हिसकावून घेतल्यानं भांडणच वाढतं. गावानं मिळून ठरवलं की मात्र गोष्ट वेगळी होते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवीगाळीवर दंड लावला, ते राज्यभर गाजलं. त्याच ग्रामसभेनं संध्याकाळी सात ते नऊ मुलांनी मोबाईल वापरायचा नाही असंही ठरवलं. या वाटेनं आणखी गावांनी जावं. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. मोठ्यांचाही फोन त्या वेळेत खाली ठेवला जावा, आणि मुलांच्या हाती त्या बदल्यात काहीतरी यावं : अभ्यासिका, तालीम, लेझीम, भजनी मंडळ, वाचनालय. नुसती रिकामी संध्याकाळ मुलांना पानटपरीकडे नेते, आणि आपल्या जिल्ह्यात टपरीवर तंबाखूचा मावा मिळतो. तंबाखूनं घटकाभर बरं वाटतं, नंतर बेचैनी आणि उदासी वाढते. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. तिची अंमलबजावणी आपल्या हातात आहे.

सोबतीचा प्रश्न पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे सगळ्यात बिकट आहे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. बरोबर नेलेलं मूल फडावरच्या झोपडीत, कोपीत राहतं आणि पहाटे तीन-चारला उठतं. मागे ठेवलेलं मूल आजीपाशी राहतं, आणि थोडं मोठं असेल तर आजीला आणि धाकट्या भावंडांना तेच सांभाळतं. चूल, जनावरं, पाणी, शाळा, आणि बोलायला कुणी नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत. तिथे खाटा आणि जेवणाबरोबर एक असं माणूस हवं, जे रात्री मुलांजवळ बसून आज काय झालं ते विचारील.

"एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेव्हा तिथे पुरेसे डॉक्टर नव्हते. त्यांनी गावातल्याच बायांना, त्यातल्या अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायांनी बाळंतपणं सांभाळली, बालमृत्यू खाली आणले, आणि जगभरचे डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अलीकडे गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या प्रौढ रुग्णांसाठी साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सहा-आठ भेटींत ते रुग्णाशी बोलायचे आणि सुटलेली रोजची कामं, छंद, गाठीभेटी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायला मदत करायचे. त्याचा गुण आला आणि निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सवयी आणि नैराश्य यांचा संबंध उपचारासाठी असा वापरता येतो. प्रशिक्षण मिळालं तर आशाताई, शाळेतले एक शिक्षक आणि एक शिक्षिका हे काम करू शकतात; आजार गंभीर असेल तर मूल पुढे डॉक्टरांकडे पाठवता येतं. विळद घाट आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांची मदत मागता येईल. किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकची योजना आहे. ते कुठे असतं, कोणत्या वारी असतं, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नाही.

जिल्हाधिकारी महोदय, सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक ठळक लावावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. आणि या सगळ्यावर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी. क्लासेसनाही हे लागू आहे. ही समिती नियमित बसावी, आणि तिच्या कामात झोप, जेवण आणि मैदान यांचाही हिशेब घेतला जावा, ही माझी विनंती आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. नववी ते बारावीचा कोणताही तास, जादा तास किंवा क्लास सकाळी ८.३० च्या आधी नसावा. आधी दोन तालुक्यांत करून पाहा. हजेरी आणि निकाल दोन्ही मोजा.

२. दरवर्षी जूनच्या आधी एस.टी. आगारप्रमुख आणि मुख्याध्यापकांनी एकत्र बसून शाळेच्या वेळेला जुळणाऱ्या गाड्या ठरवाव्यात. संध्याकाळच्या सरावानंतर मुलींना घरी नेणारी गाडीही त्यात असावी.

३. बिबट्याचा वावर असलेल्या भागातल्या कृषी वाहिन्यांना दिवसा वीज आधी द्यावी. तोवर निदान परीक्षेच्या महिन्यांत रात्रीची पाळी टाळावी.

४. नववी ते बारावीला शाळेत एक पौष्टिक खाणं सुरू करावं आणि लोहाची गोळी त्यानंतर, शिक्षकांसमोर द्यावी. जिल्हा नियोजन समिती, कारखाने आणि दूध संघांनी खर्च वाटून घ्यावा.

५. खेळाचा तास रोज असावा आणि तो दुसऱ्या विषयाला देण्यास मनाई असावी. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, हे शाळा तपासणीत पहिल्यांदा पाहावं.

६. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आणि प्रत्येक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किशोरवयीन नैराश्य ओळखण्याचं प्रशिक्षण मिळावं. मुलाचं नाव आणि त्याचं बोलणं गुप्त राहावं; दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकावर त्याचा मागमूसही नसावा.

७. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गात, वसतिगृहात आणि स्टँडवर मराठीत लिहिलेला असावा. हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या घरात, शेजारी किंवा वर्गात एखादं मूल "जगावंसं वाटत नाही" असं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, ते हसण्यावारी नेऊ नका, आणि आजच या क्रमांकावर फोन करा.

या मागण्यांतल्या बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही, आणि अर्ध्याअधिकांना पैसाही लागत नाही. पहिली मागणी एका परिपत्रकानं होईल, दुसरी एका बैठकीत. चौथीला पैसे लागतील. पण आजारी पडलेल्या मुलाच्या घराला जो खर्च येतो, त्याच्या मानानं ते थोडेच आहेत. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. जिल्ह्यातले अनेक शिक्षक शिक्षककक्षात हेच बोलतात. समितीत आमच्यातल्या कुणाला आणि नववी-दहावीतल्या काही मुलामुलींना घेतलंत, तर कोणत्या गावची गाडी कधी येते आणि कोणत्या शाळेच्या टाकीत पाणी नसतं, हे तुम्हाला अहवालाची वाट न पाहता कळेल.

या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. ६ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्मगावी, चौंडीला, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली. दर ३१ मे रोजी त्यांच्या जयंतीला आपण सगळे तिथे येता, आणि त्यानंतर पंधरवड्यात शाळा उघडतात. येत्या ३१ मेच्या आधी समितीची बैठक घ्यावी, पहिल्या तासाच्या वेळेचं परिपत्रक आणि एस.टी.चं नवं वेळापत्रक तयार ठेवावं, आणि ते चौंडीच्या व्यासपीठावरून जाहीर करावं. जूनमध्ये नववीत येणाऱ्या मुलांना त्याचा लाभ त्याच दिवसापासून मिळेल. बैठकीची तारीख कळवावी. मी आणि माझे सहकारी लागेल ती माहिती घेऊन येऊ.

कळावे,

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
अहिल्यानगर जिल्हा